एका हाताची भिंत

माझा भाऊ आधी मेला, की भिंत आधी पूर्ण झाली?

हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं होतं, ऊन लागून, दुपारी साडेबाराच्या सुमारास. मग संध्याकाळी साडेपाचला आम्ही त्याला उचललं तेव्हा भिंतीवरचा चुना ओला कसा? मे महिन्यात चुन्याची ओल अर्धा तास टिकत नाही. डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर थांबा. पोलिसांच्या जमादाराला विचारलं तर त्यानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्यांच्या घराची ती भिंत, त्या ऋषिकेशभाऊंनी फोन ठेवून दिला. सपना वहिनीला मी एकदाच विचारलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला, पुन्हा सुरू झाला. त्यानंतर तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी आठवीतून शाळा सोडली. मला नीट सांगता येत नाही. पण जसं झालं तसं सांगतो.

माझा भाऊ धम्मपाल चुन्याची घोटाई करायचा. हैदराबादकडे सहा वर्षं राहून शिकून आला होता. भिंतीला चुना लावायचा आणि ओला असतानाच गुळगुळीत दगडानं गोल गोल घोटत राहायचं, इतकं की भिंत आरशासारखी दिसायला लागते. आमच्या जिल्ह्यात हे काम येणारा तो एकटाच. मी त्याचा चुना मळायचो, पाणी मारायचो, आणि शिव्या खायचो.

मेडशीच्या पुढं, तलावाच्या वरच्या अंगाला, सागाच्या उतारावर ते घर आहे. ऋषिकेशभाऊंनी ते पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमकडून आखून घेतलं. तुम्ही तसं घर पाहिलं नसेल. त्याला रंग नाही, कठडा नाही, पडदा नाही. दाराची कडीसुद्धा दिसत नाही. जागेवर मोहाचं जुनं झाड होतं, ते तोडलं नाही, घरच त्याला वळसा घालून बांधलं. मॅडम म्हणायच्या, या घरात वस्तू ठेवायच्या नाहीत. इथं ऊन, सावली आणि झाडंच राहतील. फाटकावरचा राखणदार जानराव हसायचा.

“एवढं मोठं घर, अन शर्ट टांगायले खुंटी नाई! साहेब काय पॅन्ट हातात धरून झोपनार हाये का बे?”

दादासुद्धा हसायचा. पण त्याला ते घर आवडलं होतं. दुपारी कामावरून उठला की मधल्या मोकळ्या खोलीत उभा राहून वर बघत राहायचा.

त्या खोलीत उत्तरेला एक अखंड भिंत आहे. भिंतीला लागून छतात वीतभर रुंद फट ठेवलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्यावर काच. वर्षभर ऊन फक्त भिंतीच्या माथ्याशी खेळतं. मे महिन्यात पाच-सहा दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवरून खाली उतरत उतरत जमिनीला टेकते, थोडा वेळ थांबते आणि परत वर जाते. तेवढ्यासाठी मॅडमना ती भिंत घोटून हवी होती. असं घासून येणारं ऊन काही लपू देत नाही. हात कुठं थांबला, कुठं बदलला, सगळं उठून दिसतं.

म्हणून घोटाईची भिंत एका हाताची असते. एकदा ज्याचा हात लागला त्यानंच शेवटपर्यंत न्यायची. मधे दुसऱ्यानं दगड टेकवला की गेली.

त्या दिवशी आम्ही पहाटे चारला लागलो. दहाच्या आत उरकायचं होतं, कारण काच बसली होती आणि ऊन आलं की ती खोली भट्टी व्हायची. आठच्या सुमारास दादा तोंडावर पाणी मारायला बाहेर गेला. समोर ओला चुना होता. चढून काम करायच्या लाकडी घोडीवर दगड पडला होता. दोन वर्षं मी नुसता चुनाच मळत होतो. मला वाटलं, मलाही येतं. मी दगड उचलला आणि परातीएवढी जागा घोटली. मला ती चांगली वाटली होती. खरंच सांगतो.

दादा आत आला आणि दारातच थांबला.

“कोनं हात लावला?”

“म्याच. पाह्य ना दादा, कशी चमकून राह्यली.”

“चमकून राह्यली! दुपारी ऊन आलं का गालावर फोड आल्यावानी दिसन ते. सरक बे.”

त्यानं थापी घेतली आणि खरवडायला लागला. माझी परातभर जागा गेली, तिच्या बाजूचं गेलं, सुकत आलेलं सगळं गेलं. अर्धी भिंत उघडी पडली.

“दुसऱ्याच्या लगनात नवरदेव-नवरीच्या मधात फोटोले उभं राह्यनारं पोट्टं हायेस तू,” तो म्हणाला. “मळ चुना. पयल्यापासून.”

मी घमेलं फेकून दिलं. “कर मंग एकटाच,” म्हटलं, आणि गाडी काढून मेडशीच्या स्टँडवर जाऊन बसलो. चहा प्यायलो. फोनवर व्हिडिओ पाहत राहिलो. जानराव त्या दिवशी मालेगावला लग्नाला गेला होता. घरात कोणीच नव्हतं. राग उतरायला मला संध्याकाळचे पाच वाजले.

परत गेलो तेव्हा दादा घोडीच्या पायाशी, भिंतीकडं तोंड करून, खाली पडलेला होता. दगड मुठीत होता. बोटं उघडेनात. आणि भिंत पूर्ण झालेली होती. एकट्या माणसाला रात्र झाली असती एवढं काम. सांधा नाही, डाग नाही. फक्त खांद्याएवढ्या उंचीवर, परातीएवढी जागा ओली.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते सांगत नाही.

यंदा मे महिन्यात एका सकाळी ऋषिकेशभाऊंचा फोन आला.

“रवी, अरे एक छोटंसं काम आहे. रविवारी माणसं येतायत घर बघायला. त्या भिंतीवर एक ओलसर डाग आहे, तो जातच नाहीये. पंखे लावले, हीटर लावला. रिसोडहून मिस्त्री आणला, तर त्यानं लावलेला चुना दुसऱ्या दिवशी खाली पडला. तू त्याचाच भाऊ आहेस ना? बघ जरा.”

मी नाही म्हणणार होतो. पण तोंडातून हो गेलं. पिशवीत मळलेला चुना घेतला, थापी घेतली. दादाचा दगड वहिनीनं स्वतः कपाटातून काढून दिला.

पावणेबाराला फाटकावर पोचलो. जानरावानं मला पाहिलं आणि बाजेवरून उठून उभा राहिला. नेहमीचा जानराव असता तर आधी मस्करी केली असती.

“आता नोको जाऊ. एक वाजता जाय.”

“काहून?”

“जाय म्हनलं ना एक वाजता. पानी पे, बस इथं.”

“जानरावभाऊ, काय झालं ते सांगा.”

त्यानं घराकडं पाहिलं. आवाज खाली घेतला.

“तीन दिवस झाले. बारा वाजले का आवाज सुरू होते आतून. चिर्र... चिर्र... तुह्या भावाच्या दगडाचा असायचा ना, तसाच. मी पयले म्हनलं, उंदीर असन. मंग ऊन खाली उतरते. अन ऊन जमिनीले टेकलं का...”

“टेकलं का काय?”

“धप. जड पोतं पडल्यावानी. मंग काईच नाई.” त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. “दुसऱ्या दिवशी बारा वाजता परत. साहेबाले नाई सांगलं मी. म्हनतीन, जानराव पेऊन राह्यला.”

मला काही वेळ त्याचं बोलणं समजलंच नाही. मग समजलं. माझा भाऊ एकदा मेला नव्हता. काल मेला होता. परवा मेला होता. आणि अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा मरणार होता, आणि मी फाटकावर पाणी पीत बसणार होतो.

मी पिशवी उचलली आणि पळतच आत गेलो.

त्या घरात पाऊल टाकलं की बाहेरचे आवाज बंद होतात. पाखरांचे, पानांचे, सगळे. खोलीत एकही वस्तू नव्हती. काळी गुळगुळीत जमीन आणि ती भिंत. खिडकीच्या काचेपलीकडं मोह उभा होता, त्याचं पानही हलत नव्हतं. आत तापलेली, बंद हवा, आणि तिच्यात ओल्या चुन्याचा वास. आत्ताच कोणी लावलाय असा. त्याच्या मागून आणखी एक वास आला. घामाचा. एकाच घरात, एकाच गोधडीत वाढलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही.

डाग तिथंच होता. मी पुढं जाऊन बोट टेकवलं. थंडगार. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि ती जागा माठासारखी थंड. बोट काढलं तर त्यावर चुना आला आणि भिंतीत बोटाचा खळगा पडला. मी पिशवीतून थापी काढायला वाकलो, वर पाहिलं. खळगा नव्हता. जागा पुन्हा सपाट झाली होती.

तेव्हाच भिंतीच्या माथ्याशी ऊन लागलं. दोऱ्याएवढं बारीक.

चिर्र...

मी हललो नाही.

चिर्र... चिर्र...

ऊन खाली सरकायला लागलं. भिंत पेटल्यासारखी पांढरी झाली. माझे डोळे दिपले. मी हात आडवा धरून पाहिलं आणि मला दिसलं की ऊन सगळीकडं पोचत नव्हतं. भिंतीवर एका जागी ते अडत होतं. तिथं डोकं होतं, खांदा होता, आणि कोपरातून गोल गोल फिरणारा हात होता. सावली पडली होती. सावली पाडणारं मधे कोणीच नव्हतं.

जमिनीवर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा.

“दादा,” मी म्हटलं. “दादा... झाली भिंत. चांगली झाली. खाली उतर आता.”

हात थांबला नाही.

“लोक येऊन राह्यले पाह्याले. समदे म्हनतात, अशी भिंत कोनाले जमत नाई. उतर ना बाप्पा...”

सावली जरा झुकली, भिंतीला टेकली, पुन्हा सरळ झाली. दम घेत होती. मी ओळखलं ते. उन्हात फार वेळ काम केलं की दादा कपाळ भिंतीला टेकवायचा.

ऊन त्याच्या कमरेपर्यंत आलं होतं.

मला कधी विचार करता येत नाही, माझे हात आधी चालतात. मी पिशवीतला चुना घेतला, दादाचा दगड घेतला, आणि सावलीत हात घालून त्या ओल्या जागेवर टेकवला. म्हटलं, ही जागा मी बिघडवली, मीच पुरी करतो. दोन वेढे फिरवले. माझ्या बोटांखालून चुना आपोआप सुटायला लागला. कोणी थापीनं काढावा तसा, सरळ, पट्टीच्या पट्टीनं. मनगटावर काहीतरी ओलं लागलं. आणि माझ्या कानाच्या अगदी जवळ, कोरड्या पडलेल्या तोंडातून, आवाज आला.

“सरक बे.”

मी मागं पडलो. दगड हातातून सुटला, पण जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही.

चिर्र... चिर्र...

आता वेग वाढला होता. तो घाई करत होता. ऊन त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं, आणि मला कळलं की भिंतीचं माझ्या हातात काहीच नाही. ती भिंत त्याची होती. त्याला ती पुरी करायची होती आणि ऊन त्याला पुरी करू देत नव्हतं. मला जमण्यासारखी एकच गोष्ट होती. ऊन जमिनीला टेकू द्यायचं नाही.

मी त्या घरभर पळालो. एक चादर पाहिजे होती, एक पोतं, एक पडदा, साधं एखादं दार उखडून घेण्यासारखं. काही नव्हतं. सगळ्या खोल्यांत नुसता उजेड. कपाटंसुद्धा भिंतीत, आणि ती उघडायची कुठून ते कळेना. मी एकावर लाथा घातल्या. उघडलं नाही. जानरावाची बाज फाटकावर, दीडशे पावलं दूर. जाऊन येईपर्यंत संपलं असतं.

मागच्या भिंतीला छतावर जायला लोखंडी सळया होत्या. त्यांना हात लावला तर तळवे भाजले. वर चढलो. चपला कुठं राहिल्या माहीत नाही. छत तव्यासारखं होतं. तलावाचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं, माझ्याखाली माझी सावली नव्हतीच. सूर्य बरोबर माथ्यावर.

काचेजवळ गेलो आणि खाली पाहिलं.

खाली डोकं दिसलं. केसांवर चुना उडालेला. मान पुढं वाकलेली. बाजूला हात फिरत होता. भिंतीच्या बुडापासून ऊन चार बोटंच वर राहिलं होतं.

“दादा!” मी ओरडलो. त्यानं वर पाहिलं नाही. बरं झालं पाहिलं नाही.

मी शर्ट काढला आणि काचेवर टाकला. एका शर्टानं काय होतं? वीतभर फट, पण लांब. मग मी त्या शर्टावर पालथा पडलो. काचेवर, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, हात पुढं ताणून, पाय मागं ताणून, जेवढा लांब होता येईल तेवढा लांब. शर्ट पोटाखाली राहिला, छाती उघड्या काचेवर. कातडी भाजल्याचा वास मला आला. माझाच.

खाली अंधार झाला. फार नाही, एका माणसाएवढा.

चिर्र... थांबलं.

मी श्वास धरला. धप होईल म्हणून वाट पाहत होतो. माझं काळीजच काचेवर आपटत होतं, त्यामुळं मला दोनदा वाटलं की झालं. पण झालं नाही. घामानं डोळे भरले होते. पाठीवर ऊन असं बसलं होतं, जसं कोणी गुडघा रोवून बसलंय.

खालून, दाराकडून, जानरावाचा आवाज आला. तो एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आत आला होता.

“रव्या... कुठं हायेस बे?”

“वर हावो. ऊन टेकलं का?”

“नाई. तुह्यी सावली हाये तिथं. पडलं नाई काईच.” त्याची पावलं भिंतीकडं आली. “रव्या...”

“काय?”

“आवाज परत सुरू झाला.”

मलाही आला. पण तो डागाच्या जागेवरून येत नव्हता. खांद्याच्या वरून येत होता. मग त्याच्याही वरून. भिंत घोटत घोटत कोणी वर सरकत होतं. तिथं चढायला काही नव्हतं, घोडी वर्षापूर्वीच गेली होती.

“वर चढून राह्यलं...” जानराव पुटपुटला. “रव्या, उठ तिथून. उठ म्हनतो...” मग त्याच्या पळण्याचा आवाज आला, आणि मग तोही नाही.

आवाज छताशी आला. मी गाल काचेला लावून पडलो होतो. वळून खाली पाहण्याची ताकद माझ्यात नव्हती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. भिंत संपली. आवाज थांबला नाही. काचेवर आला. माझ्या छातीखाली, काचेच्या पलीकडून, काहीतरी थंड टेकलं आणि गोल फिरायला लागलं. सावकाश. दाबून. जसा तो चांगल्या कामाला फिरवायचा तसा.

काच चुन्यानं पांढरी होत होती. आधी छातीखाली, मग गळ्याखाली, एकेक वेढा, सांधा न ठेवता, माझ्या गालाकडं येत.

माझं सगळं अंग उठ म्हणत होतं. डोक्यावर अजून ऊन होतं आणि ते सरकायला किती वेळ आहे मला माहीत नव्हतं. मी हात आणखी पुढं ताणले, बोटांनी फटीची कड धरली, आणि त्याच्यावर सावली धरून तसाच पडून राहिलो.